‘हेलियम’चे शेपूट आणि विजयदुर्गचे कट्टे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला विजयदुर्गवरचा लेख वाचला. आमच्या तालुक्याचा किल्ला, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी तो एकमेकांच्या हातून ओढून घेत वाचला. वाघोटन खाडीचे वर्णन, तिहेरी तटबंदी, आंग्र्यांचे आरमार, सगळे मनापासून उतरले आहे. लेखाच्या शेवटी मात्र किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’विषयी एक विधान आहे. १८ ऑगस्ट १८६८ या दिवशी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर यांनी तिथून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, असे ते विधान. हे खरे नाही. हीच गोष्ट मी वर्गात उभा राहून अनेक वर्षे मुलांना सांगितली आहे, म्हणून ती दुरुस्त करणे मला माझे कर्तव्य वाटते.

मी खाडीकाठच्या एका हायस्कुलात तेहतीस वर्षे विज्ञान शिकवले, त्यातही रसायनशास्त्र जास्त. आता निवृत्त आहे. पत्राला निमित्त तुमचा लेख असला तरी त्याचे मूळ एका मुलीने विचारलेल्या प्रश्नात आहे. तो आधी सांगतो.

१९८६ चा पावसाळा. नववीच्या वर्गात धातू आणि अधातू चालले होते. फळ्याच्या डाव्या अंगाला मी लिहिले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम. उजवीकडे हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, हेलियम, निऑन, अरगॉन. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वडील मासेमारीला जाणारे, घरी शिकलेले कोणी नाही. म्हणाली, “सर, शेवटाक ‘इयम’ आसलेले सगळे धातू थंयसर आसत. मगे ह्यो हेलियम हयसर कित्याक?” वर्ग हसला. “तो वायू आहे, नाव तसेच आहे, पाठ कर,” असे म्हणून मी पुढे सरकलो. ती खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते. माझेही झाले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरला मेहुण्यांकडे गेलो असताना तिथल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसायला मिळाले. इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा एक जाडजूड कोश कपाटात होता. त्यात हेलियमची नोंद तीन-चार ओळींचीच होती. ग्रीक भाषेत ‘हेलिऑस’ म्हणजे सूर्य. त्याला धातूंच्या नावांना लागणारा ‘इयम’ हा प्रत्यय जोडलेला. नाव ठेवणाऱ्याची समजूत अशी, की सूर्यावर सापडलेले हे मूलद्रव्य धातू आहे.

मी ती नोंद वहीत उतरवून घेतली. मुलीने बरोबर तिथेच बोट ठेवले होते. हेलियम चुकीच्या रकान्यात नव्हता, त्याच्या नावालाच चुकीचे शेपूट लागले होते. आणि ते शेपूट काढून टाकायला पुढे कोणी धजले नाही.

हा ‘इयम’ कुठून आला तेही सांगायला हवे. लॅटिनमध्ये सोन्याला ‘ऑरम’, लोखंडाला ‘फेरम’ म्हणत. त्याच धर्तीवर नव्या धातूंची नावे पाडायची रीत अठराव्या शतकाच्या अखेरीस पडली. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली विजेच्या साहाय्याने सोडा आणि पोटॅश यांतून दोन नवे धातू मोकळे केले. त्यांना सोडियम आणि पोटॅशियम ही नावे दिली आणि रीत पक्की झाली. चौकस वाचक इथे सेलेनियमकडे बोट दाखवतील, तो तर अधातू. पण १८१७ साली त्याचा शोध लावणाऱ्या बर्झेलियस यांनी त्याला धातूंतच धरले होते. त्याच्याशी मिळतेजुळते टेल्युरियम आधीच सापडले होते आणि त्याचे नाव पृथ्वीवरून होते. म्हणून या नव्या भावंडाला त्यांनी ग्रीक चंद्रदेवता सेलेनेचे नाव दिले. पृथ्वी झाली, चंद्र झाला, सूर्याचे नाव अजून कोणाला मिळायचे होते.

हेलिऑस या शब्दाशी मी तेव्हा बरेच दिवस खेळत होतो, आणि तो खेळ मुलांनाही फार आवडे. ग्रीक भाषेने पुष्कळ शब्दांच्या आरंभीचा ‘स’ टाकून त्या जागी ‘ह’ घेतला. आपल्या संस्कृतने ‘स’ जपला. त्यामुळे दोन्ही भाषांतले शब्द शेजारी ठेवले की नाते डोळ्यांना दिसते. आपले सप्त, त्यांचे ‘हेप्टा’. आपले षट्, त्यांचे ‘हेक्स’. आपले सम, त्यांचे ‘होमो’. आपले स्वप्न, त्यांचे ‘हिप्नॉस’. साप सरपटतो म्हणून आपण त्याला सर्प म्हणतो. त्यांच्याकडे सरपटण्याला ‘हेर्पो’, आणि नागिणीच्या आजाराला इंग्रजी डॉक्टर ‘हर्पिस’ म्हणतात ते त्यावरूनच. याच हिशेबाने हेलिऑस हा आपल्या सूर्याचा, वेदांतल्या ‘स्वर्’चा सख्खा नातलग. कोणी कोणाकडून शब्द उसना घेतला असा याचा अर्थ नाही. दोघांच्याही मागे एक फार जुनी भाषा आहे आणि तिचे धन दोघांकडे वाटून आले आहे. ग्रीकांनी सगळे आपल्याकडून नेले असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी नम्रपणे सांगतो की इथे तसे म्हणायला जागा नाही.

वर्गात हे कसे सांगायचे हा प्रश्न होता. आमच्या गावात दरवर्षी देवळात हरिनामाचा सप्ताह असतो, मुले त्याला ‘सप्तो’ म्हणतात. आणि बापाने होडीच्या इंजिनासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता काय असतो तेही त्यांना चांगले ठाऊक. मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहायचो. सप्ताह आपला, हप्ता फारसीतून आलेला. फारसीनेही ग्रीकसारखाच ‘स’चा ‘ह’ केला. दोन्हींचा अर्थ मुळात सात दिवस. मग खाली ‘हेप्टेन’ लिहायचो, सात कार्बनचा हायड्रोकार्बन, आणि त्याच्या शेजारी सहा कार्बनचा ‘हेक्झेन’. मुले आपण होऊन म्हणत, “सर, षट्कोनाक हेक्सागन म्हणतत, त्याचोच तो हेक्स!” त्यानंतर ती नावे पाठ करून घ्यावी लागली नाहीत.

असेच निऑनचे. विल्यम रॅम्से यांना १८९८ मध्ये नवा वायू सापडला तेव्हा त्यांच्या लहान मुलाने त्याला लॅटिन ‘नोव्हम’ म्हणा असे सुचवले. रॅम्सेंनी त्याच अर्थाचा ग्रीक ‘निऑन’ घेतला. संस्कृतात म्हणायचे तर ‘नवम्’. अरगॉनमधला पहिला ‘अ’ तर आपलाच नकाराचा ‘अ’ आहे, अज्ञान-असत्य मधला. अरगॉन म्हणजे काम न करणारा, कशाशी संयोग न पावणारा, आळशी. क्रिप्टॉन लपलेला, झेनॉन परका. राजवायूंची, म्हणजे सहसा कशाशी संयोग न पावणाऱ्या या वायूंची, ही सगळी नावे ‘ऑन’ने संपतात, ग्रीक नपुंसकलिंगी विशेषणासारखी. फक्त हेलियम तेवढा वेगळा. पंगतीत एकट्यानेच दुसऱ्या गावचा फेटा बांधावा तसा.

तो वेगळा का, हे समजायला १८६८ साली काय घडले ते नीट पाहावे लागते.

१८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण मोठे होते. कमाल ठिकाणी खग्रास स्थिती पावणेसात मिनिटांहून अधिक टिकली. सावलीचा पट्टा अरबी समुद्रावरून दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराकडे गेला. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते, मेजर टेनंटही तिथेच. मद्रासच्या वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणमला होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात दुर्बीण लावून होते, त्यांना ढगांनी सतावले. आता आमच्या किल्ल्याचा विचार करा. त्या दिवशी श्रावणी अमावस्या होती. श्रावणात विजयदुर्गला आकाश कसे असते हे कोकणातल्या माणसाला विचारावे लागत नाही. खाडीत होड्या ओढून ठेवलेल्या असतात, तटावर शेवाळ चढलेले असते, दिवसाकाठी चार वेळा सर येते. इंग्लंडहून कोट्यवधी मैलांवरचा सूर्य पाहायला निघालेला शहाणा माणूस ऑगस्टमध्ये कोकण किनारा निवडणार नाही. हा साधा विचार माझ्याही डोक्यात इतकी वर्षे कसा आला नाही, याचे मला वाईट वाटते.

ग्रहणात चंद्राच्या काळ्या चकतीच्या कडेला गुलाबी ज्वाला दिसतात. मी त्या एकदा पाहिल्या आहेत. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण कारवार-अंकोल्याच्या पट्ट्यातून गेले होते. आम्ही तिघे शिक्षक रजा काढून एसटीने अंकोल्याला गेलो होतो. दुपारचे साडेतीन वाजून गेले असतील. कावळे झाडांकडे परतू लागले, समुद्रावरून सावली धावत आली आणि काळ्या सूर्याभोवती शुभ्र प्रभामंडळ उमलले. कडेला दोन-तीन ठिकाणी निखाऱ्यासारखे गुलाबी ठिपके होते. तो गुलाबी रंग हायड्रोजनचा. पण त्या प्रकाशाचा वर्णपट काढला, म्हणजे तो लोलकातून त्याच्या रंगांत फाकवला, की लाल आणि निळ्या रेषांच्या जोडीला एक पिवळी रेषा दिसते, आणि सगळी गोष्ट त्या पिवळ्या रेषेची आहे.

चुलीवर आमटी उतू गेली की ज्योत पिवळीधमक होते हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. आमटीतल्या मिठातले सोडियम तो पिवळा प्रकाश देते. रस्त्यावरचे जुने पिवळे दिवेही सोडियमचेच. किर्खॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात ठरावीक जागी ठरावीक रेषा येतात, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा अगदी जवळजवळ असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. १८६८ च्या ग्रहणात ज्वालांमधली पिवळी रेषा अनेकांना दिसली. पिवळी म्हणजे सोडियमचीच असणार, असे बहुतेकांनी धरले.

जान्सेन यांची त्या दिवशीची कमाई निराळी होती. रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्यांनी त्या खरोखर पाहिल्या. तिकडे लंडनमध्ये नॉर्मन लॉकियर यांच्या मनात हीच कल्पना दोन वर्षांपासून घोळत होती. ते युद्धखात्यात कारकून होते, नोकरी सांभाळून आकाश पाहणारे. त्यांनी करायला टाकलेला स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे वर्णपट पाहण्याचे उपकरण, कारागिराकडून वेळेवर मिळेना. तो ऑक्टोबरमध्ये हाती आला, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहणाशिवाय सूर्याच्या ज्वालांच्या रेषा पाहिल्या. जान्सेन यांचे गुंटूरहून निघालेले पत्र आणि लॉकियर यांचे टिपण पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचले गेले. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे मुखवटे असलेले एक पदक काढले. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर विजयदुर्गला तर नव्हतेच, भारतातही नव्हते. आणि तेव्हा ते ‘सर’ही नव्हते, तो किताब त्यांना १८९७ साली मिळाला.

लंडनमधल्या त्या निरीक्षणांत लॉकियर यांना दिसले की सूर्याची पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही. ती थोडी बाजूला आहे, आजच्या मापाने ५८७.६ नॅनोमीटरवर. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. एवढ्याशा फरकावर एक मूलद्रव्य उभे राहिले. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या बरोबरीने त्यांनी प्रयोगशाळेत नाना प्रयोग केले, हायड्रोजनवर दाब कमी-अधिक करून पाहिला, ती रेषा काही निघेना. तेव्हा पृथ्वीवर माहीत नसलेले काहीतरी सूर्यावर आहे असे मानणे भाग पडले. १८७१ साली एडिनबरोला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून बोलताना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हे नाव जाहीरपणे उच्चारले. फ्रँकलंड आणि लॉकियर या नव्या द्रव्याला हेलियम म्हणू इच्छितात, असे त्यांनी सांगितले.

आणि इथे मला त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते. त्याआधीच्या दहा वर्षांत वर्णपटातल्या रेषांवरून चार नवी मूलद्रव्ये सापडली होती. १८६० मध्ये सीझियम, १८६१ मध्ये रुबिडियम आणि थॅलियम, १८६३ मध्ये इंडियम. सीझियमचे नाव आकाशी निळ्या रेषेवरून, रुबिडियमचे गडद लाल रेषेवरून, थॅलियमचे कोवळ्या हिरव्या फांदीवरून, इंडियमचे निळीवरून. चारही धातू, चारही ‘इयम’. आणि ही नवी रेषा तर सोडियम या धातूच्या उंबरठ्यावरच उभी. पाचवाही धातूच असेल असे लॉकियर यांना वाटले तर त्यात नवल काय? हातात घ्यायला कण नाही, हुंगायला वास नाही, तापवायला-वितळवायला काही नाही. नऊ कोटी मैलांवरून आलेली एक पिवळी रेघ, एवढाच पुरावा. तेवढ्यावर त्यांनी नाव ठेवले. अर्धे नाव बरोबर निघाले, अर्धे चुकले. मला हे अर्धे चुकलेले नाव सबंध बरोबर असलेल्या कितीतरी नावांपेक्षा मोलाचे वाटते, कारण त्यात तेव्हाचा माणूस कसा विचार करत होता ते जसेच्या तसे राहून गेले आहे.

पुढची चोवीस वर्षे हा शब्द होता आणि वस्तू नव्हती. मेंडेलेयेव्ह यांच्या मूलद्रव्यांच्या कोष्टकात त्याला घर नव्हते. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञ त्याचा उल्लेख टाळत. अमेरिकेत हिलेब्रँड यांनी युरेनियमचे खनिज आम्लात टाकून निघालेला वायू नायट्रोजन समजून नोंदवून ठेवला होता. ते वाचून मार्च १८९५ मध्ये रॅम्से यांनी लंडनला क्लेव्हाइट नावाचे तसेच खनिज घेतले. ते अरगॉनच्या शोधात होते. निघालेल्या वायूचा वर्णपट पाहिला तर पिवळी रेषा, आणि ती सोडियमच्या जागी बसेना. नमुना विल्यम क्रुक्स यांच्याकडे गेला, लॉकियर यांच्याकडेही गेला. क्रुक्स यांनी रेषा मोजून निर्वाळा दिला की हा हेलियम. सूर्याचे नाव घेतलेला पदार्थ दगडात सापडला. तो तिथे कसा, हे रदरफोर्ड यांच्या कामातून पुढे कळले: युरेनियममधून सुटणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच केंद्रके असतात, आणि दगडात अडकून राहिलेले ते कण दोन इलेक्ट्रॉन घेऊन वायू बनतात.

तेव्हाच नाव बदलून ‘हेलिऑन’ करता आले असते. बाकीच्या राजवायूंच्या ओळीत ते चपखल बसले असते. पण एका पिढीच्या तोंडी हेलियम रुळला होता. हेलिऑन हा शब्द आज भौतिकशास्त्रात हेलियम-३ च्या केंद्रकासाठी वापरतात, म्हणजे तोही वाया गेला नाही.

आता विजयदुर्ग. निवृत्तीनंतर मुलीने मला इंटरनेट वापरायला शिकवले आणि मी लॉकियर यांचे लेखन शोधत बसू लागलो. एका संध्याकाळी रॉयल सोसायटीने छापलेला त्यांचा एक अहवाल समोर आला. शीर्षकातच तारीख होती, २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण, आणि ठिकाण होते ‘विझियाद्रुग’. स्पेलिंगमुळे क्षणभर ओळखू आले नाही. मग मोठ्याने वाचले आणि अंगावर काटा आला. आमचाच किल्ला! लॉकियर खरोखर आले होते. साहेबाच्या कट्ट्यांचे नाते याच मुक्कामाशी जोडावे, हेच सयुक्तिक.

पौषातली अमावस्या, कोकणातले सगळ्यात स्वच्छ आकाश. १८९६ साली नॉर्वेत ग्रहण पाहायला गेले असताना ढगांनी त्यांचा घात केला होता, हे लक्षात घेतले तर जानेवारीतला विजयदुर्ग त्यांना का आवडला असेल ते कळते. मेल्पोमिनी या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. ज्यांनी आयुष्यात दुर्बीण हाताळली नव्हती अशांना शिकवून, कवायती घेऊन, एकेका उपकरणापाशी उभे केले. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. प्रिझम बसवलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपायचा हे मुख्य काम होते. सूर्याची शेवटची कड झाकली जाताना क्षणभर जो झगमगीत वर्णपट उजळतो, त्यात हेलियमच्या रेषा असतातच. म्हणजे ज्याचे नाव त्यांनी तरुणपणी केवळ एका रेषेवरून ठेवले आणि जो तीनच वर्षांपूर्वी पृथ्वीवर हाती लागला, त्याच्या रेषा टिपणारे कॅमेरे एकसष्टाव्या वर्षी ते आमच्या तटावर लावत होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला होते, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे लोकही तिथेच, आणि अ‍ॅनी माँडर वऱ्हाडातल्या तळणीला प्रभामंडळाचे फोटो घेत होत्या. महाराष्ट्रासाठी किती मोठा दिवस होता तो! त्याची आठवण मात्र आपण दुसऱ्याच तारखेच्या खुंटीला टांगून ठेवली आहे.

गोंधळ कसा झाला असेल याचा मला अंदाज आहे. लॉकियर १८७१ च्या डिसेंबरातही ग्रहणासाठी भारतात आले होते, तेव्हा केरळातल्या बेकलच्या किल्ल्यात. तोही समुद्रकाठचा किल्ला. १८६८ चे ग्रहण भारतातले, हेलियमशी नाव जोडलेले लॉकियर यांचे, आणि कट्टे विजयदुर्गचे. तीन खऱ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आणि गाठ चुकीची बसली. कोणी मुद्दाम खोटे सांगितले असे मला मुळीच वाटत नाही.

हे मी गावात बोलून दाखवले तेव्हा माझ्या एका वर्गमित्राला राग आला. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, पोरे घोषणा देतात, पर्यटक येतात, चार घरांना पैसे मिळतात. “आमचा मान काढून तुला काय मिळणार?” असे तो म्हणाला. त्याचे दुःख मला समजते. आमच्या भागाकडे एरवी कोणाचे लक्ष जात नाही. पण मान तर खऱ्या गोष्टीतच जास्त आहे. लॉकियर आमच्याकडे आले याला त्यांच्या स्वतःच्या हातचा लेखी पुरावा आहे. १८६८ ची तारीख लावली की कोणीही जाणता माणूस एका वाक्यात ती खोडून काढतो, आणि मग १८९८ च्या खऱ्या भेटीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. मित्र अजून पुरता पटलेला नाही, पण अहवालाचे पहिले पान छापून द्या म्हणाला आहे.

दोन वर्षांपूर्वी पत्नीच्या पाठीच्या दुखण्यासाठी कोल्हापूरला एमआरआय काढावा लागला. यंत्राच्या खोलीबाहेर बसलो असताना तिथल्या तंत्रज्ञ मुलाने सहज सांगितले की आतले चुंबक थंड ठेवायला द्रवरूप हेलियम लागतो, शून्याखाली २६९ अंश. कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली लायडनला हेलियम पहिल्यांदा द्रवरूप केला हे मी शिकवत आलो होतो, पण तो माझ्या बायकोच्या पाठीपासून हातभर अंतरावर असेल असे कधी मनात आले नव्हते. मी त्या मुलाला विचारले, हेलियम म्हणजे काय माहीत आहे का? त्याने नाही म्हटले. मी सांगितले, सूर्य. तो म्हणाला, “इतक्या थंड वस्तूला सूर्याचे नाव?” पुढचा पेशंट येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.

माझ्या तीन विनंत्या आहेत. आपण दुरुस्ती छापावी, आणि त्यात २० ऑक्टोबर १८६८, लंडन, आणि २२ जानेवारी १८९८, विजयदुर्ग, या दोन्ही तारखा द्याव्यात. किल्ल्यावर माहिती देणारे जे कोणी आहेत त्यांनी कट्ट्यांपाशी १८९८ लिहावे. ऑगस्टचा कार्यक्रम हवा तर चालू ठेवावा, पण २२ जानेवारीलाही मुलांना तिथे न्यावे, त्या दिवशी ऊनही असते. आणि विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगणे आहे की कोणी ‘कित्याक’ विचारले तर मी केले तसे करू नका. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा आणि शोधून आणा.

त्या मुलीला मी उत्तर दिले की नाही, असे कोणी विचारील म्हणून लिहितो. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या पहिल्या तासाला मी वही घेऊन गेलो, पण ती आली नव्हती. दहावीआधीच तिचे शिक्षण थांबले. पुढे पुष्कळ वर्षांनी ती मला विजयदुर्गच्या जेटीवर भेटली, डोक्यावर मासळीची टोपली होती. मी तिथेच उभ्या उभ्या तिला सगळे सांगितले, हेलिऑस, इयम, पिवळी रेषा, सगळे. तिने टोपली खाली ठेवून ऐकले आणि विचारले, “म्हणजे माझा बरोबर होता मा, सर?” मी म्हटले, होय, अगदी बरोबर होते.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग